एका तारेचे दोन दुकानदार

ग्वाल्हेरचा जयविलास राजवाडा पाहावयास जाणाऱ्यास मेजवानीच्या दालनात एक लहानशी चांदीची आगगाडी दाखवितात. लांबच लांब मेजावर रूळ मांडलेले आहेत. त्यांवरून ही गाडी शिंदे महाराजांच्या पाहुण्यांपुढे मद्य आणि सिगार घेऊन फिरत असे. पाहुण्याने तिच्यावरील सुरई उचलली की ती आपोआप थांबे, आणि सुरई जागच्या जागी ठेवली की पुन्हा चालू लागे. गाडी विजेवर चाले. त्या विजेचे मोल किती आणि ते कोणी भरावयाचे, हा प्रश्न त्या मेजावर कधी कोणी काढला असेल असे वाटत नाही.

आपल्या घरी मात्र तो दर महिन्यास निघतो. आमच्या ओळखीच्या वसईकडील एका कुटुंबात तो गेल्या नाताळात निघाला, आणि असा रंगला की वाचकांपुढे मांडावासा वाटला. त्या घरची तीन भावंडे तीन ठिकाणी संसार करून आहेत. थोरला भाऊ गावातच घर आणि वाडी सांभाळतो. मधली बहीण मालाडला दिली आहे. धाकटा नोकरीनिमित्त ग्वाल्हेरजवळ मोरार येथे भाड्याच्या घरात राहतो. जेवणे आटोपल्यावर धाकट्याने उन्हाळ्यातील विजेच्या बिलाचे गाऱ्हाणे मांडले. त्यावर बहीण म्हणाली, “मग कंपनी बदल की! आम्ही नाही का रिलायन्स सोडून टाटांकडे गेलो होतो?”

“ताई, आमच्याकडे बदलायला दुसरी कंपनी आहे कुठे?” धाकटा म्हणाला.

थोरल्याने हसून म्हटले, “मला तर पंपाचे बिलच येत नाही. घराचे येते ते पाहून मात्र झोप उडते.”

एकाच आईची तीन मुले, एकाच देशात राहणारी, एकाच प्रकारचे दिवे लावणारी. परंतु वीज विकत घेण्याच्या बाबतीत तिघे जणू तीन निराळ्या राज्यांचे प्रजाजन आहेत. असे का झाले, आणि विजेच्या बाजारात स्पर्धा आणून दर मोकळे सोडावेत असे जे आज बोलले जाते त्याने या तिघांपैकी कोणाचे भले होईल, हे पाहू.

प्रथम धाकट्याचे घर. मध्य प्रदेशात पूर्वी एकच वीज मंडळ होते व त्याचा कारभार जबलपुराहून चाले. त्या मंडळाचे विभाजन होऊन वीज पोहोचविण्याचे काम जबलपूर, भोपाळ आणि इंदूर येथील तीन सरकारी कंपन्यांकडे आले. ग्वाल्हेर व चंबळचा मुलूख भोपाळच्या मध्य क्षेत्र विद्युत वितरण कंपनीच्या वाट्यास आला. कंपन्या तीन झाल्या म्हणून त्यांच्यात चढाओढ सुरू झाली, असे मात्र नव्हे. प्रत्येकीचा मुलूख आखून दिलेला आहे. तिघींसाठी वीज खरेदी करणारी संस्था एकच आहे, आणि घरगुती ग्राहकाचा दर सर्व राज्यात एकच असतो. तो दर भोपाळचा विद्युत नियामक आयोग ठरवितो. इंदूरच्या कंपनीचा कारभार चांगला आहे असे ऐकून मोरारच्या माणसाने तिची वीज मागावी, तर तशी सोय नाही.

राज्य सरकारने २०१९ पासून एक सवलत दिली आहे. महिन्याचा वापर १५० युनिटांच्या आत असेल तर पहिल्या १०० युनिटांस केवळ १०० रुपये पडतात. गरीब घरास हा मोठाच आधार होय. परंतु ग्वाल्हेरचा उन्हाळा ज्यांनी पाहिला आहे त्यांस ठाऊक आहे की मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पलीकडे जातो आणि रात्रीसुद्धा भिंती तापलेल्या असतात. घरात म्हातारे माणूस किंवा तान्हे मूल असले की कूलर अखंड चालवावा लागतो. वापराने मर्यादा ओलांडली की नुसत्या वरच्या युनिटांस अधिक दर लागतो असे नाही, सगळी सवलतच त्या महिन्यापुरती जाते. धाकट्याचे गाऱ्हाणे हेच होते. हिवाळ्यात तो सवलतीत बसतो आणि गरज सर्वांत मोठी असते तेव्हा बाहेर पडतो.

त्याच ग्वाल्हेरच्या परिसरात असेही ग्राहक आहेत की ज्यांना विक्रेता निवडण्याचा हक्क आहे. २००३ च्या वीज कायद्याने एक मेगावॉटहून अधिक वीज लागणाऱ्या ग्राहकास बाहेरून, आपल्या पसंतीच्या उत्पादकाकडून वीज विकत घेण्याची मुभा दिली. तार कंपनीचीच राहते. तिच्या वापराचे भाडे आणि काही अधिभार भरला म्हणजे झाले. सौर, पवन अशा विजेसाठी ही मर्यादा २०२२ च्या नियमांनी १०० किलोवॉटपर्यंत खाली आणली. म्हणजे मालनपूरच्या मोठ्या कारखान्याला बाजारात हिंडून भाव करता येतो, परंतु त्या कारखान्यात कामाला जाणाऱ्या मजुराला लष्करमधल्या आपल्या खोलीसाठी तो करता येत नाही. आगगाडीचीही तीच गोष्ट. ग्वाल्हेरवरून आग्रा आणि झाशीकडे धावणाऱ्या गाड्या विजेवर चालतात. रेल्वे ही पूर्वी राज्याच्या वीज कंपन्यांची मोठी, चढ्या दराने पैसे मोजणारी गिऱ्हाईक होती. २०१६ पासून तिने मध्य प्रदेशात आपली वीज बाहेरून स्वस्तात आणावयास सुरुवात केली. रेल्वेचा पैसा वाचला, आणि रेल्वे ही आपलीच, तेव्हा त्यात वाईट वाटण्यासारखे काही नाही. पण ती जे जास्तीचे पैसे देत होती ते कोणाच्या तरी बिलाला टेकू देत होते. तो टेकू निघाला.

येथे थोडे थांबून हा टेकू म्हणजे काय ते सांगावयास हवे, कारण सगळ्या वादाचे मूळ त्यात आहे. वीज पोहोचविणाऱ्या कंपनीस जो खर्च येतो त्यातील फार मोठा भाग वीज विकत घेण्यातच जातो. उरलेला तारा, खांब, रोहित्रे, नोकरवर्ग आणि व्याज यांवर होतो. शिवाय गळती आणि चोरी आहे. ग्वाल्हेर-चंबळ भागाची त्याबाबतीत कीर्ती फारशी चांगली नाही, आणि आकडा टाकून घेतलेल्या विजेची किंमत शेवटी मीटर लावलेल्यालाच पडते. हा सगळा खर्च सर्व ग्राहकांवर सारखा वाटला जात नाही. कारखाने, दुकाने व कचेऱ्या यांच्याकडून खर्चाहून अधिक दर घ्यावयाचा आणि त्या जादा पैशातून शेतकरी व लहान घरे यांचा दर खाली ठेवावयाचा, अशी आपल्या देशाची रीत आहे. एखाद्या मोठ्या एकत्र कुटुंबात मिळवता भाऊ जास्त घालतो आणि विधवा बहिणीच्या मुलांचे शिक्षण होते, तसाच हा प्रकार. कुटुंब एकत्र आहे तोवर हे चालते. मिळवत्या भावास निराळी चूल मांडण्याची परवानगी मिळाली, म्हणजे मुलांच्या फीचा प्रश्न उभा राहतो.

मालाडच्या बहिणीची हकीकत या दृष्टीने फार बोधप्रद आहे. घरगुती ग्राहकास विजेचा दुकानदार बदलता येणे हा प्रयोग आपल्या देशात खऱ्या अर्थाने मुंबईतच झाला. त्याचे कारण जुने आहे. मुंबई शहराला बेस्ट वीज देते. उपनगरांसाठी १९२९ साली बी.एस.ई.एस. ही कंपनी निघाली. ती २००३ मध्ये रिलायन्सकडे आणि २०१८ च्या ऑगस्टात अदानींकडे गेली. या दोघांच्या जोडीला टाटांची कंपनी होती. तिने १९१५ साली खोपोलीला धरणाच्या पाण्यावर वीज निर्माण केली आणि पुढे ती मुख्यतः गिरण्यांना, रेल्वेला व इतर वीज कंपन्यांना ठोक भावाने विकली. टाटांना घरोघर किरकोळ विक्री करता येते की नाही यावर वर्षानुवर्षे भांडण चालले. अखेर ८ जुलै २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने करता येते असा निर्णय दिला.

निर्णय झाला तरी अडचण राहिली. टाटांच्या तारा उपनगरांतल्या गल्लीबोळांत नव्हत्या. प्रत्येक चाळीपर्यंत दुसरी तार ओढावयाची म्हणजे रस्ते पुन्हा खणावयाचे आणि तो खर्च शेवटी ग्राहकाच्याच माथी यावयाचा. २००९ च्या उन्हाळ्यात उपनगरांतील दरवाढीवरून गदारोळ उठला. त्यानंतर १५ ऑक्टोबर २००९ रोजी महाराष्ट्राच्या वीज नियामक आयोगाने तोड काढली. तार रिलायन्सची, वीज टाटांची. ग्राहकाने अर्ज करावा, तारेचे भाडे रिलायन्सला मिळावे आणि विजेचे पैसे टाटांना.

तारेतून येणारी वीज तीच असते. नळाचे पाणी जसे कोणत्या ओढ्याचे हे ओळखता येत नाही, तसे विजेचेही आहे. दिवा पूर्वीसारखाच लागला, पंखा तेवढाच फिरला, बदलले ते फक्त बिल. आमची मालाडची बहीण सांगते की अर्ज केल्यावर तिच्या सासूबाई दोन दिवस, आता दिवे जाणार, म्हणून मेणबत्त्या उशाशी घेऊन झोपत होत्या! दिवे गेले नाहीत. बिल कमी आले. शेजारणींनी विचारपूस केली आणि जिन्यावरच्या निम्म्या बिऱ्हाडांनी अर्ज भरले. उपनगरांतील काही लाख ग्राहक त्या वर्षांत टाटांकडे गेले.

येथवर स्पर्धेचे गुणगान करणाऱ्यांचे म्हणणे खरे ठरले. पण गोष्ट येथे संपत नाही. वळलेल्यांत मोठे ग्राहक, म्हणजे दुकाने, कचेऱ्या आणि वातानुकूलित यंत्रे असणारी घरे हीही होती. त्यांची बचत मोठी, म्हणून घाईही मोठी. मागे जे राहिले त्यांत लहान ग्राहकांचे प्रमाण वाढले, आणि त्यांच्या बिलास टेकू देणारे कमी झाले. तेव्हा २०११ मध्ये आयोगाने वळलेल्या ग्राहकांवर अधिभार बसविला, की त्यांनी जाताना मागच्यांचा वाटा थोडा तरी देऊन जावे. २०१२ मध्ये आयोगाने आणखी एक पाऊल टाकले. मोठ्या ग्राहकांना वळवून घेण्यावर टाटांना निर्बंध घातला आणि महिन्याला ३०० युनिटांच्या आत वापर असणाऱ्या लहान ग्राहकांकडे लक्ष देण्यास सांगितले. हा आदेश पुढे अपिलात गेला. तो योग्य होता की अयोग्य यावर वकिलांनी पुष्कळ शाई खर्च केली आहे. आम्हांस एवढेच दिसते की स्पर्धा आणणाऱ्या त्याच आयोगाला तीन वर्षांत तिला लगाम घालावा लागला. दुकानदाराला मोकळे सोडले तर तो आधी श्रीमंत गिऱ्हाइकाचे दार ठोठावतो. त्याला दोष देता येत नाही, तो त्याचा धंदाच आहे.

मालाडच्या बाई पुढे काय करत्या झाल्या? अधिभार आला, टाटांचे दरही वाढले, दोन कंपन्यांतील अंतर उरले नाही. तेव्हा त्या परत पहिल्या कंपनीकडे आल्या. नवऱ्याने विचारले, एवढी धावपळ करून मिळविले काय? त्यांनी उत्तर दिले, “चार वर्षे पैसे वाचले ते वाचले. आणि आता दोघेही जरा नीट बोलतात.” दुसरे वाक्य आम्हांस पहिल्याहून महत्त्वाचे वाटते. गिऱ्हाईक जाऊ शकते हे कळल्यावर दुकानदाराची वागणूक बदलते. मोरारच्या धाकट्याला हे सुख ठाऊक नाही.

न्याय्य किंमत कोणती, हा प्रश्न काही आजचा नव्हे. सोळाव्या शतकात स्पेनमधील सालामांकाच्या धर्मपंडितांनी त्यावर ग्रंथ लिहिले. सेमिनरीत असताना आम्हांस ते फार रुक्ष वाटत. कपट, सक्ती आणि मक्तेदारी नसलेल्या बाजारात सर्वसाधारणपणे जो भाव ठरतो तो न्याय्य, असे त्यांचे मत होते, आणि मक्तेदारीवर त्यांचा कटाक्ष होता. परंतु दुष्काळात धान्याचा भाव राजाने बांधून द्यावा काय, हा वाद त्यांच्यातही होता. वीज हे आजचे धान्यच आहे.

आता पेट्रोलकडे पाहा. विजेच्या बाबतीत धाकट्याला निवड नाही आणि दर बांधलेले आहेत. पेट्रोलच्या बाबतीत त्याला निवड आहे आणि कागदोपत्री दरही मोकळे आहेत. २६ जून २०१० रोजी पेट्रोलचा भाव सरकारने नियंत्रणातून सोडला, ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचा सोडला, आणि १६ जून २०१७ पासून देशभर भाव रोज सकाळी ठरू लागला. ग्वाल्हेरच्या रस्त्यांवर निरनिराळ्या कंपन्यांच्या पाट्या दिसतात. असे असूनही सरकारी कंपन्यांच्या एका पंपावरून दुसऱ्यावर जाऊन काही पैशांपलीकडे फरक पडत नाही. फरक पडतो तो शंभर किलोमीटरवरील झाशीला गेल्यावर. गेल्या काही वर्षांत तेथे लिटरामागे दहा रुपयांच्या आसपास कमी पडतात, आणि ते कंपन्यांच्या स्पर्धेमुळे नव्हे. उत्तर प्रदेशाचा कर मध्य प्रदेशाहून हलका आहे, एवढेच. ट्रकवाले हे जाणतात आणि टाकी कोठे भरावयाची ते ठरवून निघतात.

शिवाय मोकळा सोडलेला भाव खरोखर मोकळा असतो काय? ४ नोव्हेंबर २०२१ पासून २२ मार्च २०२२ पर्यंत, साडेचार महिने, जगात तेल महागत असताना आपल्याकडे कंपन्यांनी भाव हलविला नाही. त्याच काळात उत्तर प्रदेश, पंजाब, गोवा वगैरे राज्यांच्या निवडणुका होत्या. नंतर एप्रिल २०२२ पासून मार्च २०२४ पर्यंत, जवळजवळ दोन वर्षे, कंपन्यांचा भाव पुन्हा जागच्या जागी राहिला. सरकारी कंपन्यांनी तोटा सोसून भाव धरला की खाजगी विक्रेत्याचे काय होते हे २००८ साली दिसले होते. त्या वर्षी रिलायन्सने देशभरातील आपले पंप बंद केले. स्वस्त विकणाऱ्या सरकारी पंपाशेजारी कोण उभा राहणार! ग्राहकाला तात्पुरता लाभ झाला हे खरे. पण अशा बाजारास स्पर्धेचा बाजार म्हणणे कठीण आहे.

परदेशांत हा प्रयोग अधिक धीटपणे झाला आहे. इंग्लंडमध्ये १९९० नंतर वीजधंदा खाजगी झाला आणि १९९९ पर्यंत प्रत्येक घरास आपला विक्रेता निवडण्याचा हक्क मिळाला. हुशार लोक दरवर्षी विक्रेता बदलून पैसे वाचवीत. पण ज्यांना ती खटपट जमत नसे, बहुधा म्हातारी व गरीब माणसे, ती वर्षानुवर्षे महाग दरावर पडून राहत. म्हणून जानेवारी २०१९ मध्ये सरकारला दरावर कमाल मर्यादा घालावी लागली. २०२१ च्या हिवाळ्यात वायू भडकला तेव्हा आगाऊ खरेदी न करता स्वस्त विकणारे जवळजवळ ३० विक्रेते बुडाले. त्यांच्या ग्राहकांना दुसऱ्यांकडे सोपविण्याचा खर्च सगळ्या देशाच्या बिलांवर वाटला गेला. अमेरिकेतील टेक्सास राज्यात तर एक कंपनी ग्राहकाला घाऊक बाजाराचाच भाव, क्षणाक्षणाचा, देत असे. हवा चांगली असताना लोक खूश होते. फेब्रुवारी २०२१ च्या हिमवादळात युनिटाचा भाव नऊ डॉलरवर गेला आणि काही दिवसांत साध्या घरांना हजारो डॉलरची बिले आली.  बाहेर बर्फ पडत असताना घर गरम ठेवणारी शेगडी कशी मालवावी?

थोरल्या भावाचे राहिलेच. वसईस वीज महावितरणची. खाडीच्या अलीकडे मीरा-भाईंदरपर्यंत मुंबईच्या उपनगरांची कंपनी येते, पलीकडे नाही. त्याचे पंपाचे बिल येत नाही ते एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना महाराष्ट्र शासनाने वीज मोफत केल्यामुळे. ती वीज फुकट निर्माण होत नाही. तिचे पैसे शासन कंपनीस देते, म्हणजे थोरलाच साबणापासून पेट्रोलपर्यंत जो कर भरतो त्यातून देते. २०२२ साली अदानींच्या कंपनीने नवी मुंबई, ठाणे, मुलुंड, भांडुप या महावितरणच्या मुलखासाठी समांतर परवाना मागितला. तेव्हा ४ जानेवारी २०२३ रोजी राज्यातील वीज कामगार संपावर गेले. त्यांचे म्हणणे असे की भरपूर पैसे देणारी शहरे नव्या कंपनीने नेली तर खेडी आणि पंप कोणाच्या जिवावर चालावयाचे? शासनाने खाजगीकरण होणार नाही असे आश्वासन दिले आणि संप त्याच दिवशी मिटला. नोकरीची भीती त्यात होती हे उघड आहे. पण प्रश्न खोटा नव्हता.

केंद्र सरकारने ८ ऑगस्ट २०२२ रोजी लोकसभेत जे वीज सुधारणा विधेयक आणले त्याचा गाभा हाच होता, की एकाच मुलखात अनेक विक्रेत्यांनी एकाच तारेवरून वीज विकावी. ते समितीकडे गेले. त्याच विचाराचा नवा मसुदा ऑक्टोबर २०२५ मध्ये चर्चेसाठी प्रसिद्ध झाला. हे प्रत्यक्षात आले तर मोरारच्या धाकट्यास मालाडच्या बहिणीसारखा हक्क मिळेल. तो मिळावा असे आमचे मत आहे. मात्र १५० युनिटांच्या आतल्या घराचा टेकू कोण देणार हे त्याच कागदावर, त्याच वेळी लिहिलेले असावे. आधी बाजार उघडू आणि टेकूचे मागाहून पाहू, असे केले की काय होते ते मुंबईने दाखविले आहे.

तोवर धाकट्याने एक गोष्ट केली. दर ठरण्यापूर्वी कंपनीचा प्रस्ताव वर्तमानपत्रात प्रसिद्ध करावा लागतो आणि आयोगाला कोणाचीही हरकत ऐकावी लागते. तिला वकील लागत नाही. नाताळाहून परतल्यावर त्याने दोन पानी अर्ज लिहिला. त्यात एकच मागणी आहे: उन्हाळ्याच्या तीन महिन्यांत एखादे घर मर्यादेबाहेर गेले तर दर फक्त वरच्या युनिटांस लावावा, सगळी सवलत काढून घेऊ नये. सवलतीचा पैसा राज्य सरकारचा असल्यामुळे आयोग ती मागणी सरकारकडे बोट दाखवून बाजूस ठेवील, असे थोरल्याचे मत पडले. तेव्हा धाकट्याने अर्जाची दुसरी प्रत काढून भोपाळच्या ऊर्जा खात्यालाही टाकली. दोन्ही पाकिटांच्या पोचपावत्या त्याने जपून ठेवल्या आहेत.